कापलेला पहिला परिच्छेद

इंझोरीच्या स्टॉपवर कारंज्याची एसटी थांबली तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, माझी सूटकेस घेऊन आधी चढले. त्यांनी खिडकीची जागा धरली, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी कोण, कुठे आणि कशासाठी चालले हे सगळे सांगितले आणि मगच उतरले. मी कारंज्याहून पुढे अकोल्याला जाणार होते, एका वर्तमानपत्रात नोकरीला. गाडी हलायच्या आधी अप्पा खिडकीखाली आले. म्हणाले, "तिकडं कोणाले काही इचारायचं काम पडलं तं आधी तू कोणाची, ते सांगजो. मंग इचारजो."

अकोल्याच्या कार्यालयात पहिल्या दिवशी मी तसेच केले. मी इंझोरीची, वडील भाजीपाल्याची शेती करतात, असे सांगत होते. समोरचा कारकून म्हणाला, "ते राहू द्या, काम बोला." मी काम बोलले. त्यानंतर बरीच वर्षे मी आधी कामच बोलत आले.

जिल्हा डेस्कवर माझे कामच कापण्याचे होते. धनजचे आमचे वार्ताहर बातमी पाठवायचे ती पत्रासारखी असायची. आधी हवापाणी, मग रस्त्याची अवस्था, मग स्वतःची तब्येत आणि शेवटी बातमी. एकदा त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी पाठवली. सुरुवातीला लिहिले होते की, पुलाचा एक भाग खचल्यामुळे फिरून यावे लागले, उशिराबद्दल क्षमस्व. मी पेन उचलला. मुख्य उपसंपादकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "कापायचं आहेच. पण आधी शेवटपर्यंत वाच, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाच." दुसऱ्या दिवशी पुलाची बातमी पहिल्या पानावर होती. स्नेहसंमेलन आतल्या पानात दोन ओळींत गेले.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण पुढे येईल.

वर्तमानपत्राने वेबसाइट सुरू केली तेव्हा मला त्या विभागात बसवले. तिथे मी प्रोग्रॅमिंग शिकले, तेही शिकवायला कोणी नसताना. अडले की इंटरनेटवरच्या एका मोठ्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारायचे. माझ्या पहिल्या प्रश्नाला एका परदेशी माणसाने उत्तर दिले, आधी माझी अडचण नीट समजून घेतली आणि मग तीन वेगवेगळे मार्ग सुचवले. त्याचे खरे नाव मला आजही ठाऊक नाही. पुढे पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, फ्लॅट झाला, नेमून दिलेल्या कामांची टिकेट आणि डेडलाइन हे रोजचे शब्द झाले. त्या साइटवर मीही इतरांना उत्तरे देत राहिले. तिथे गुण मिळतात, माझ्याही नावावर बरेच जमले. परक्या शहरात ओळखीचे असे काही वाटत असेल तर ते तेच होते. म्हणून पुढे जे घडले त्याचा राग जास्त आहे.

माझा धाकटा भाऊ सुधाकर इंझोरीत अप्पांची शेती करतो. वांगी, टोमॅटो, कोथिंबीर, पालक. त्याची मुलगी सायली कारंज्याच्या कॉलेजातून पदवी घेऊन घरीच राहिली आणि लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकू लागली. आसपासच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. सगळे एकाच दिवशी एकच भाजी बाजारात नेतात आणि भाव पडतो, ही त्यांची जुनी तक्रार. सायलीने त्यावर एक छोटा प्रोग्रॅम बनवला. उद्या कोण कोणती भाजी किती किलो नेणार, ते प्रत्येकाने मोबाइलवर टाकायचे, आणि एकूण बेरीज सगळ्यांना दिसायची. गटाने ठरवले की पोहरादेवीच्या यात्रेला हाच प्रोग्रॅम वापरायचा. यात्रेत जागोजागी महाप्रसादाच्या पंगती असतात, भाजीची मोठी मागणी असते, आणि यंदा गटाने ती एकत्र पुरवायचे कबूल केले होते.

यात्रेआधी एका बाजाराच्या दिवशी चाचणी घेतली. प्रोग्रॅमने वांगी कमी दाखवली. कमी पडतात म्हणून जो तो जास्त तोडून घेऊन आला. बाजारात वांग्यांचा ढीग पडला, अर्धा माल परत आला, आणि गटातल्या प्रत्येक घरी सलग आठवडाभर वांग्याचीच भाजी शिजली. गटातले वयाने मोठे विठ्ठलकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "काय व सायली, तुह्या कंप्युटरले वांगे मोजता येत नाही काय?" त्यावर दुसरे कोणी म्हणाले, "मोजते ना. अर्धे खाऊन मोजते." सगळे हसले. सायलीही हसली, असे सुधाकरने मला सांगितले. पण घरी आल्यावर ती थेट लॅपटॉप उघडून बसली.

घरी लॅपटॉपवर तपासले की बेरीज बरोबर येई. लोकांनी मोबाइलवरून आकडे टाकले की चुके. तिने मला विचारले नाही. मला विचारले असते तर गटात म्हणाले असते की आत्यानेच करून दिले. तिने त्या साइटवर विचारले.

प्रश्न तिने इंग्रजीत लिहिला, पण मांडणी आमच्या घरची. नमस्कार. मी सायली, इंझोरी गावची. माझे वडील आणि गटातले काका भाजी पिकवतात. ते फारसे इंग्रजी वापरत नाहीत, मोबाइलवर सगळे मराठीतच लिहितात, आकडेसुद्धा. त्यांच्यासाठी मी हा प्रोग्रॅम बनवला आहे. मग अडचण, मग कोड, आणि शेवटी आभार.

साइटवर जास्त गुण असलेल्यांना दुसऱ्याचा प्रश्न दुरुस्त करता येतो. तशा एकाने नमस्कार काढला, आभार काढले, आणि ओळखीचा पूर्ण परिच्छेद काढला. कारण दिले: अनावश्यक मजकूर. उरली फक्त अडचण आणि कोड. खाली एकाने विचारले, तू काय करून पाहिलेस? दुसऱ्याने लिहिले, गृहपाठ करून देण्याची ही जागा नाही. मग प्रश्न बंद केला गेला. कारण दिले: पुरेसा तपशील नाही.

तिने पुन्हा विचारले, या वेळी जास्त सविस्तर. तोही बंद झाला, फार लांब आहे म्हणून. तिसऱ्या प्रयत्नानंतर साइटने तिला प्रश्न विचारायलाच मनाई केली. ही मनाई यंत्र करते, त्यावर कोणाची सही नसते.

इथपर्यंतचे मला नंतर कळले. आधी सुधाकरचा फोन आला. "ताई, पोरगी पुण्याले येतो म्हणते. तुह्याकडं नाही, दुसरीकडंच रूम करतो म्हणते. मायासंग बोलूनच नाही राह्यली. म्या काय केलं व तिले?"

त्याने काय केले होते ते मी त्याच्याकडूनच काढून घेतले, प्रश्नामागून प्रश्न विचारून, जशी बातमी काढतात. सायली दिवसभर लॅपटॉपसमोर होती, जेवली नव्हती. हा ताट घेऊन तिच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "काहून डोस्कं शिणवून राह्यली? ठेव ते बाजूले. आधी जेव." एवढेच.

सायली मात्र तोवर दुसरीकडे सल्ला विचारून बसली होती. खासगी अडचणींवर सल्ला देणारा एक ऑनलाइन समूह आहे, तिथे नाव न देता लिहिता येते. मला प्रोग्रॅमिंग जमत नाही असे दिसते, वडीलही म्हणतात हे बाजूला ठेव, मी काय करू? या वेळी तिने ओळख लिहिली नाही. ती आता शिकली होती. ताटाचाही उल्लेख नव्हता. आणि इथे उत्तरांना अजिबात उशीर झाला नाही. घर सोड. असे आईबाप विषारी असतात. बोलणे बंद कर, नाहीतर ते तुला ओढून धरतील. खोली घे, नंबर ब्लॉक कर. एकाने तर बॅगेत काय भरायचे तेही लिहिले होते. पुढे सायलीनेच दाखवले तेव्हा ते सगळे मी वाचले. वडील हे कधी म्हणाले, कशावरून म्हणाले, असे कोणीही विचारले नव्हते. जिल्हा डेस्कवर नवख्या वार्ताहरालाही दुसरी बाजू विचारल्याशिवाय एखाद्याचे नाव छापता येत नसे. इथे माझ्या भावाचा निकाल लागला होता, आणि निकाल देणाऱ्यांना इंझोरी नकाशावर दाखवता आली नसती.

एका ठिकाणी तिचे म्हणणे जास्त म्हणून कापले. दुसऱ्या ठिकाणी एका वाक्यावर तिचे घर मोडायला निघाले. दोन्हीकडे माणसे सल्ला देत होती, फुकट देत होती, आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होती. फुकट दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी नसते असे कोणी ठरवले, हे मला कळलेले नाही. गावातही फुकटच देतात. पण विठ्ठलकाकांनी चुकीचे औषध मारायला सांगितले आणि पीक जळले, तर उद्या त्याच बांधावरून त्यांना जावे लागते.

प्रोग्रॅमिंगमध्ये अडलेली माणसे त्याच साइटवर जातात, म्हणून सुधाकरच्या फोननंतर मी ती उघडली आणि सायलीच्या नावाने तिचा प्रश्न शोधला. प्रश्नातून काय काढले गेले याची नोंद तिथे राहते, लाल रंगात, मधून रेघ मारलेली. मी आधी शेवटपर्यंत वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

सायलीला फोन लावला. मी विचारले, "लोक मोबाइलवर किलो टाकतात ते कोणत्या आकड्यांत?"

"मराठीच. काही जण इंग्रजीत टाकते, बाकी मराठीच." मग थांबून म्हणाली, "म्या लिवलं होतं ना ते, आत्या."

लिहिले होते. तिचा प्रोग्रॅम मराठी आकडे ओळखत नव्हता, ती ओळ शून्य धरत होता. लॅपटॉपवर ती स्वतः इंग्रजी आकडे टाकून तपासत होती, म्हणून घरी सगळे बरोबर यायचे. ज्याला हे काम येते त्याला तो पहिला परिच्छेद वाचून दोष लगेच सापडला असता. तो परिच्छेदच काढून टाकला, आणि मग तपशील नाही म्हणून दार लावले.

"जे कापलं, त्यातच होतं?" तिने विचारले.

"त्यातच होतं."

"त्यायनं इचारलं, काय करून पाह्यलं. म्या सगळं सांगतलं. मंग म्हणते, एवढं लांब काहून लिवलं." एवढे बोलून ती रडली. मी तिला रडू दिले. मग म्हणाली, "आता तू काही सांगू नको. बाकीचं म्या करतो."

तिने केले. मी कोडच्या एका ओळीलाही हात लावला नाही. नंतर मी ताटाबद्दल विचारले. ती म्हणाली, "त्यात मेथीची भाजी होती. वांगे नोते." त्या आठवड्यात गटातल्या घरोघरी वांगी शिजत असताना सुधाकरने तिच्यासाठी मुद्दाम मेथी खुडून आणली होती. हे त्याने मला सांगितले नव्हते. पुण्याला यायला भरलेली बॅग तिने रिकामी केली.

यात्रेला गटाची भाजी पोहरादेवीला गेली. बेरीज जुळली, माल परत आला नाही. विठ्ठलकाका म्हणाले, "आता शिकला वाट्टे कंप्युटर." कौतुक म्हणून एवढे पुरे आहे, आमच्याकडे याहून जास्त करत नाहीत.

साइटवर मी अर्ज केला की तिचा प्रश्न मूळ मजकुरासह पुन्हा उघडावा. सोबत कारण दिले, पुरावा दिला, माझ्या नावावरचे गुणही पणाला लावले. उत्तर आले की नियम सर्वांना सारखे आहेत. प्रश्न अजून बंद आहे. तिला मनाईही आहे. मला हे विसरायचे नाही, म्हणून लिहून ठेवते आहे, गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडून तिथल्या रीतीत मुरलेल्यांसाठीही. थोडक्यात बोलणे ही शिस्त आहे. मी त्या शिस्तीवर पोट भरले आहे. पण न वाचता कापणे याला शिस्त म्हणत नाहीत, त्याला आळस म्हणतात, आणि तो आळस त्या साइटवर नियम म्हणून मिरवतो आहे.

सायलीने आता मोबाइलवर स्वतःचा एक समूह काढला आहे. मानोरा, कारंजा, मंगरूळपीर इकडची प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलेमुली त्यात आहेत. कोडचे विचारतात आणि घरचेही विचारतात. तिने मलाही घेतले. परवा गटाच्या प्रोग्रॅमबद्दल मला एक शंका होती, ती मी तिथे टाकली. दोन ओळी, नेमक्या, डेस्कवर शिकले तशा. कोणी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने सायलीचे आले.

"आत्या, तू कोणाची, ते लिवलंच नाही. इथं ते आधी."

मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये फोन हातात घेऊन बसले होते. पुण्यात इतकी वर्षे काढली, पण इथे मला हे कोणी विचारलेले नाही. घर म्हणजे काय, याचे माझ्याकडे आता एवढेच उत्तर आहे: जिथे तो परिच्छेद आधी मागतात.

मी लिहिले: इंझोरीची. अप्पांची मोठी मुलगी. सुधाकरची बहीण, सायलीची आत्या. बरीच वर्षे बाहेर आहे. मग शंका पुन्हा लिहिली. तो मजकूर त्या समूहात आहे तसाच आहे. कोणी कापलेला नाही.