नंबर कोणाचा

परवा लस घेताना स्पिरिटच्या बोळ्याचा गार वास आला आणि गोकुलम भागातली ती लॅब डोळ्यांपुढे उभी राहिली. छातीतल्या गाठीत सुई घालून तपासणी झाली होती. घरी मी कोणालाच सांगितलं नव्हतं. "रिपोर्ट उद्या मोबाईलवर येईल," एवढं ऐकून मी बसमध्ये बसले, आणि हिनकलचा स्टॉप जवळ आल्यावर एकदम आठवलं. त्या लॅबमध्ये आमच्या अख्ख्या घराचा एकच नंबर दिलेला होता, मोठ्या दिरांचा. माणूस मायेचा, पण आलेला प्रत्येक रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकायची त्यांना भारी हौस. सासूबाईंच्या शुगरवर बेळगावच्या मावशींनीसुद्धा सल्ला दिला होता. मी तशीच उतरले, रिक्षा केली आणि धापा टाकत काउंटर गाठलं. तिथल्या बाईंनी कम्प्युटरमध्ये पाहिलं. "हा नंबर कोणाचा, अम्मा?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "माझ्या दिरांचा." "आणि पेशंट?" "मी." "मग तुम्हीच सांगा ना, कुठे पाठवू ते." जुना नंबर काढून त्यांनी माझा घातला आणि दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी गाठ साधीच निघाली, आणि संध्याकाळी कॉफी पिताना ते मी माझ्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं. पण परवा तो वास आला तेव्हा आठवलं ते आदल्या दिवशीचं: रिपोर्टचा अजून पत्ताही नव्हता, तरी नंबर बदलल्यावर त्या लॅबच्या बाकावर बसून मी सुटल्यासारखी पोटभर रडले होते.