बिबट्याची खबर अडली

नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण बसतो मंचरजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर, लॅपटॉप घेऊन. काम एकच: सतत वाहत येणारी माहिती एकाच वेळी बऱ्याच कॉम्प्युटरांना वाटून द्यायची आणि त्यांची उत्तरं परत एकत्र आणायची. तेच डोकं मी शेतावर लढवलं. उसाच्या कडेनं पाच कॅमेरे लावले. प्रत्येकाचं चित्र वेगळा छोटा कॉम्प्युटर बघणार, शेवटचा प्रोग्रॅम सगळ्यांच्या खबरा वेळेच्या क्रमानं लावणार, आणि जनावर दिसलं की आमचे फोन वाजणार. क्रम चुकू नये म्हणून पाचही जणांचा निरोप, ‘काही दिसलं नाही’ असा का होईना, आल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं मी लिहून ठेवलं. पंगतीत सगळे बसल्याशिवाय वाढत नाहीत, तसं. लई शहाणा मी!

त्या दिवशी आई गाईंसाठी घास कापायला उसालगतच्या तुकड्यात गेली. "फोन घेतलास का?" मी दोनदा विचारलं. "घेतला रं बाबा, पिशवीत हाय."

अकरा वाजले तरी एकही खबर नाही. रोज कुत्र्याची, डुकराची तरी यायचीच. मला चैन पडेना. प्रोग्रॅम उघडून बघितला. दोन नंबरच्या कॅमेऱ्यानं बिबट्या टिपून वीस मिनिटं झाली होती. खबर तयार होती, आणि माझा प्रोग्रॅम पाच नंबरची वाट बघत बसला होता. पाच नंबर विहिरीच्या मोटारीच्या लायनीवर. शेतीची लाईट साडेदहाला जाते, की तोही बंद, हे मला ठाऊक नव्हतं होय?

आईला फोन लावला, उचलेना. तसाच अनवाणी पळालो. बांधावर ती समोरून डोक्यावर भारा घेऊन येताना दिसली.

"आरं, असा काय पळतुयास? व्हता तिकडं. उसात शिरला. मी आपली मागच्या मागं सरकले."

मी भारा माझ्या डोक्यावर घेतला. स्वतःचाच भयंकर राग आला होता. घरी येऊन आधी ती अट काढली: जो गप्प झाला त्याला सोडून पुढं जायचं. त्याबरोबर अडलेली खबर सुटली आणि आईच्या पिशवीतला फोन ठणाणा वाजला.

"मघाचाच बिबट्या आहे तो, आई."

"वाजला न्हवं? म्हंजी चालू झालं." तिनं विळा उचलला. "अर्धा वाफा राह्यलाय. आता तुझा फोन हाय की, भ्यायचं कशाला?"

नको म्हणालो, ऐकते कुठली! मी लॅपटॉप मिटला, काठी घेतली आणि तिच्या पुढं चालायला लागलो.