उजव्या कडेचा इंग्रज

रिसोडच्या बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्यांचा उजवा पाय वाळलेला आहे. शाळेत शिकवून झालं, की केनवडची बस येईपर्यंत मी त्यांच्याकडं बसतो. ते भिंगातून डोळा न काढता एका इंग्रज फुटबॉलपटूबद्दल बोलतात. तो उजव्या कडेनं कसा पळायचा, त्यानं क्लब किती बदलले, गुडघा कसा गेला. बोलता बोलता 'तो'चा 'आमी' होतो, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मोबाइलवर त्याचा सामना लागला, की स्टुलाखाली त्यांचा तो पाय थरथरायचा.

परवा मी म्हणालो, "तुमचा गडी तर रिटायर झाला. आता काय पाहता?"

त्यांनी माझा हात धरून त्या वाळलेल्या पायाच्या पोटरीवर ठेवला. मोबाइल बंद होता. पोटरी तापलेली, घामानं ओलीचिंब होती, आणि आत काहीतरी एका लयीत उसळत होतं.

"एकटाच पळून राह्यला तो," ते हळूच म्हणाले. "सर, तुमाले इंग्रजी येते न? त्याले चिठ्ठी लिहा. म्हणा, आता थांब बाप्पा, माह्या पायाले दम लागते."