अजून दोन गोष्टी

"अहो, दहा गोष्टी झाल्या, एकीतही तो मेला परत येत नाही!" वाचनालयात मालूकाकू अशा कडाडल्या की कपाटातले जाडजूड ग्रंथसुद्धा दचकून ताठ उभे राहिले. एका जुन्या प्रेमकादंबरीवरून बारा जणांनी नव्याने लिहिलेल्या कथांचा हा संग्रह मीच त्यांना सुचवला होता. तो वाचताना माझी चहाची तीन आधणं आटली. नायक मूळ कादंबरीतल्यासारखाच निघून जातो, पण नायिकेला दर कथेत नवं आयुष्य मिळतं. आपल्याला एकच मिळतं.

काकूंचे यजमान घर सोडून गेले, त्याला तीस वर्षं झाली. दारावरचं त्यांचं नाव काकू अजून दर दिवाळीला रंगवून घेतात.

मी हळूच विचारलं, "पुस्तक परत करायचं का?"

"नको," काकू म्हणाल्या. "अजून दोन राहिल्यात."