कॅमेऱ्याला घातलेली कानटोपी

"भाऊजी, हे गेले हो... झोपेतच," वैदेहीवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी ऑफिसातून घरी येताना एस-बानमध्ये उभा होतो. माझं स्टेशन आलं, गेलं, मी उतरलोच नाही. शिरीषला जाऊन आता काही आठवडे झालेत. हिवाळा संपत आलाय म्हणे, पण या वयात इथली थंडी अंगातून निघता निघत नाही.

आम्ही दोघं पुण्याहून स्टुटगार्टला एकाच कंपनीत आलो. गाड्यांचे सुटे भाग कडाक्याच्या थंडीत टिकतात का, हे तपासणं त्याचं काम. स्वतः तो कधी स्कीइंग शिकला नाही. त्याची लेक इरा मात्र शाळेत जायच्या आधीच शिकली. हिवाळ्यात आम्ही सगळे आल्गॉयच्या डोंगरांत जायचो. इरा उतारावरून सुसाट, आणि शिरीष खाली गुडघाभर बर्फात व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभा. सगळ्यांच्या खिशात फोन आले तरी त्याने तो कॅमेरा सोडला नाही. आणि त्याचे लाड तरी किती! आईने विणून पाठवलेली कानटोपी त्याने कॅमेऱ्यालाच चढवली होती, लेन्सपुरती फट ठेवून. जादा बॅटऱ्या गंजिफ्राकाच्या आत, पोटाशी, कारण गारठल्या की त्या मान टाकतात. स्वतःचे कान लालभडक. मी म्हणायचो, "अरे, कान गळून पडतील तुझे."

"पडू देत. शूटिंग काय कानांनी करायचंय?"

उबदार उपाहारगृहात शिरायच्या आधी तो दाराबाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा. गार कॅमेऱ्याला एकदम ऊब लागली की आत पाणी धरतं. आमचं सूप संपायचं, इरा "बाबा, बिट्टे!" अशा जर्मन विनवण्या करत मागे लागायची, तिला स्वतःला बघायचं असायचं. "थांब," तो म्हणायचा, "घाम फुटेल त्याला." अस्सा राग यायचा मला त्या पिशवीचा! शूटिंग करताना तर तो तोंडही उघडत नसे. तोंडाची वाफ काचेवर बसेल म्हणून श्वास रोखून धरायचा. काही विचारलं तर नुसता हात हलवायचा.

मागच्या रविवारी इरा डार्मश्टाटहून आली, तिथे ती शिकते. तिने जुनं सगळं शूटिंग पाहून काढलं होतं, बापाचा आवाज ऐकायला. मराठी तिला कळतं, बोलते जर्मन. "काका, एर श्प्रिश्ट नी," ती म्हणाली. तो कुठेच बोलत नाही... माझी बडबड आहे, वहिनींच्या हाका आहेत, त्याचा शब्द नाही. उरलं होतं ते शेवटच्या सहलीचं शूटिंग. तो कॅमेरा आमच्या केलरमध्ये, त्या गारठलेल्या तळघरात, पिशवीतच राहून गेला होता. मी तो तसाच त्यांच्या घरी नेला आणि पिशवी उघडायला लागलो.

"थांब, काका," इरा म्हणाली. मराठीत, आणि थेट शिरीषच्या सुरात.

आम्ही थांबलो. पिशवीवर बाहेरून दव धरलं, हळूहळू सुकलं. चहा निवून गेला. मग तिने घरातली बॅटरी घालून कॅमेरा सुरू केला. उतारावरून लाल जाकिटातली इरा मोठी मोठी होत आली, समोर येऊन थांबली. शिरीषचा शब्द नाहीच. पण कॅमेरा बंद होण्याच्या जरा आधी एक लांब, सुटलेला श्वास ऐकू आला. हुश्श...

इराने मागे नेऊन पुन्हा लावलं. प्रत्येक शूटिंगच्या शेवटी तो आवाज होता, ती म्हणाली. तिला तो वारा वाटला होता.

"वारा कसला," वहिनी म्हणाल्या. "तू धड खाली पोचलीस की असंच करायचे ते." आणि त्या दिवसांत पहिल्यांदा त्या मोकळेपणाने रडल्या.

संध्याकाळी इरा कॅमेरा घेऊन निघाली. बाहेर बर्फ नव्हता, नुसता गार पाऊस. "इरा, टोपी!" वहिनी दारातून ओरडल्या. ती हो-हो अशा अर्थाचं जर्मन "या, या" म्हणत उघड्या डोक्यानेच स्टेशनकडे गेली. टोपी कॅमेऱ्याला होती, आणि कॅमेरा कोटाच्या आत, पोटाशी.