सारसोळ्यातली लाइन
काल माझ्या घरातल्या भिंतीवरची टेलिफोनची जुनी डबी काढली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसली आणि सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक दुपार आठवली. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि मी कॉम्प्युटरमध्ये त्याची मोडेम कार्डं बसवायचो. त्या दुपारचं घर खाडीजवळचं होतं, घरभर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता, आणि जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाला पडद्यावर पाहायला त्याची आई नवी साडी नेसून बसली होती. कार्ड बसलं, पण लाइन काही लागेना. मी स्लॉट बदलला, कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं आणि शेवटी म्हणालो, "मावशी, कार्ड खराब दिसतंय, उद्या दुसरं आणतो." त्या हळूच म्हणाल्या, "उद्या त्याचा जहाज बंदर सोडनार हाय. मंग म्हैनाभर दिसनार नाय." मी परत खाली बसलो आणि या वेळी भिंतीवरची टेलिफोनची डबी उघडली. खाऱ्या हवेने तार गंजली होती. गंजलेला तुकडा कापून नवं टोक जोडलं, तशी लाइन लागली. मुलगा पडद्यावर आला. "आये, बोल ना," तो म्हणत राहिला. "थांब रं, आदी बगू दे," त्या म्हणाल्या. हल्ली माझी मुलगी परदेशातून रोज व्हिडिओ कॉल करते आणि मी भाजी निवडत तिच्याशी बोलतो, पडद्याकडे क्वचितच बघतो.