फुकटचा गारवा

“तिले आता काढतोच मी,” नाना म्हणाले. “कव्हाबी पाहा, टेबलावर डोकं टेकून बसेल असते.”

मी भुसावळचा, रेफ्रिजरेशन इंजिनिअर. रावेरला नानांच्या रायपनिंग चेंबरच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. रायपनिंग चेंबर म्हणजे हिरवी केळी पिकवायची थंड, बंद खोली. नाना कामावरून काढायला निघाले होते प्रज्ञाताईंना. गाड्यांचं डिस्पॅच त्या सहा वर्षं सांभाळत होत्या. त्या आठवड्यात दिल्लीचा माल कानपूरच्या गाडीत चढला आणि नानांचा पारा चढला. ताईंच्या घरात पगार त्यांच्या एकटीचाच.

त्यांचं ऑफिस चेंबरला लागून. वर पत्रा, मे महिन्यात बसवत नसे. म्हणून आदल्या वर्षी मीच सुचवलं होतं, मधल्या भिंतीत जाळी बसवा, छोटा पंखा लावा, चेंबरची थंड हवा इकडे येईल. मशीन तसंही चालूच असतं. वेगळा एसी नको, वेगळं बिल नको. फुकट ते पौष्टिक! नानांनी चारचौघांत माझं कौतुक केलं आणि मीही ते करून घेतलं.

ऑफिसातच रिपोर्ट लिहायला बसलो. वीस मिनिटांत जांभया सुरू झाल्या, मग कपाळ ठणकायला लागलं. गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, फटींना टेप.

“ताई, तुमचंही डोकं दुखतं का?”

“रोजच. घरी गेलं की थांबतं. रक्त तपासलं, चष्मा बदलला. काहीच निघालं नाही.”

घरी गेलं की थांबतं! माझी नजर जाळीकडे गेली. तोडलेलं फळसुद्धा श्वास घेतं, पिकताना तर जास्तच, आणि आपल्यासारखंच कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणून चेंबरचं दार रोज उघडून हवा बदलावी लागते. हे मी ऑपरेटरांना स्वतः शिकवतो. गाडीतून तो वायू मोजायचा मीटर आणला. बाहेर चारशेच्या आसपास असलेला आकडा ताईंच्या टेबलावर पाच हजारांच्या पुढे गेला. एवढ्या कोंदट हवेत कुणालाही गुंगी येते, डोकं दुखतं.

जाळी बसवली त्या दिवशी मी थर्मामीटर पाहिला आणि खूश होऊन घरी गेलो. हवा मोजलीच नव्हती. मला माझीच लाज वाटली.

“नाना, चूक ताईंची नाही, माझी आहे,” असं म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं.

नानांनी आधी जाळीतला पंखा बंद केला. “म्हंजे ती झोपत नव्हती. आपुनच तिले झोपवत होतो.”

त्याच दिवशी जाळी विटांनी बुजवली. पुढच्या आठवड्यात पत्र्याखाली इन्सुलेशन, एक साधा एसी आणि बाहेरची ताजी हवा आत घेणारा पंखा बसला. त्याचं बिल मी लावलं नाही. ताईंना काढायचा विषय नानांनी पुन्हा काढला नाही.

मी निघालो तेव्हा ताई गाडीपर्यंत आल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं.

“साहेब, हे मला लिहून द्याल? दुखणं हवेमुळे होतं, एवढंच.”

“नानांना दाखवायला?”

“नाही, माझ्यासाठी. मी कामचुकार झाले, असं मलाच वाटायला लागलं होतं.”

लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. आजवर इतके रिपोर्ट लिहिले, पण स्वतःच्या चुकीचा हा पहिलाच. आता कुणी खोली गार करायला बोलावलं, की किती गार हवी हे नंतर विचारतो. आत कोण बसणार आणि त्यांना ताजी हवा कुठून मिळणार, हे आधी.